पाणी कुठवर येतं?

घर भाड्यानं घ्यायला गेलं की माणसं काय बघतात? हीटिंग बघतात, बाल्कनीला ऊन लागतं का बघतात, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतात. मी विचारलं, "पाणी कुठवर येतं?"

घरमालक गोंधळला. त्याला वाटलं, ही नळाबद्दल विचारतेय. तो मला बाथरूममध्ये घेऊन गेला आणि शॉवर सोडून दाखवला. आधी गार, मग गरम. "हे नव्हे हो," मी म्हटलं आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं. गल्लीच्या तळाशी नदी होती. "ही. ही कुठवर येते?"

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता हे घरही हातचं गेलं. त्यात त्याची चूक नाही. तो पडला पुण्याचा. पुण्याच्या माणसाला नदी म्हणजे पुलावरून जाताना नाक धरायची गोष्ट. मी सांगलीच्या खालच्या अंगाची, कृष्णेच्या काठावर वाढलेली. आमच्याकडे मुलीला स्थळ आलं तरी आधी विचारतात, पुरात गाव कुठवर बुडतं. पगाराचं नंतर.

"इथं पाणी कधीच येत नाही," घरमालक म्हणाला. जगातले सगळे घरमालक हेच म्हणतात, त्यासाठी जर्मन यायला लागत नाही.

म्हणून मी स्वतःच गल्ली उतरून खाली गेले. स्टुटगार्टहून एस-बाननं शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि तिथून पुढं बसनं, असं हे गाव. नदी लहानशी, पुढं जाऊन नेकारला मिळणारी. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच फोनवर नकाशा उघडून म्हणतात, "एवढीशी तर आहे." उन्हाळ्यात खरंच एवढीशी असते. बदकं चालत पलीकडे जातात. तळाशी एक जुनी पाणचक्की, तिला लागून गल्लीतलं शेवटचं घर, आणि त्या घरापुढं एक म्हाताऱ्या बाई फुटपाथ झाडत होत्या. त्यांनाही मी तेच विचारलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि चक्कीच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या आणि प्रत्येक रेघेपाशी वर्ष. सगळ्यांत वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती.

"तुमच्या घरात नाही येत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येतं."

पाहुणे येतात म्हणावं तसं त्या म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या. वर येऊन मी नवऱ्याला सांगितलं, हेच घर घ्यायचं. त्याला वाटलं मी स्वयंपाकघर बघून भुलले.

आमच्या मुलीनं त्यांना पहिल्याच आठवड्यात ओमा करून टाकलं. ओमा म्हणजे आजी. मुलगी तेव्हा लहान होती, मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच यायचं, अजूनही तसंच येतं. मी समोर त्यांना आडनावानंच हाक मारायचे आणि जर्मनमध्ये आम्ही एकमेकींना शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. पण घरात त्या ओमाच.

तर या ओमांनी मला पहिल्यांदा कॉफीला बोलावलं तो गुरुवार होता. चार वाजता म्हणजे चार वाजता. प्लमचा केक होता, वर साखर भुरभुरलेली. गप्पा झाल्या, म्हणजे त्या बोलल्या आणि मी अधूनमधून "गेनाऊ" म्हटलं. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हा फार सोयीचा शब्द आहे, समोरचा काय बोलला ते कळलं नाही तरी चालतो. साडेपाचला मी उठले, कोट घातला आणि दारात वळून म्हटलं, "इश कोमं."

आता हे मी का म्हटलं? निघताना आपण काय म्हणतो? येते. जन्मल्यापासून येतेच म्हणत आलेय. तेव्हा माझं जर्मन म्हणजे डोक्यात मराठी वाक्य आणि तोंडात त्याचं भाषांतर. मी येते, इश कोमं. व्याकरणात कुठंही बोट ठेवायला जागा नाही. ओमा क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "गूट." म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरते तर ओमा फाटकात उभ्या. चेहरा आंबट.

"काल कुठं होतात?"

"तुमच्याकडेच होते की."

"नंतर?"

"नंतर घरी."

"तुम्ही येते म्हणालात. मी आठपर्यंत कॉफी गरम ठेवली. केक झाकून ठेवला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तिथं फाटकात, कचऱ्याची पिशवी हातात धरून, मी त्यांना समजावायला लागले. की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. जाणारा एकदाच जातो. बाकी सगळे येतात.

ओमांनी नीट ऐकून घेतलं. "आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे आपल्या 'म्हणजे काय, की'सारखं. "तुम्ही येते म्हणता तेव्हा तुम्ही जाता."

"हो."

"आणि खरंच येता तेव्हा?"

"तेव्हाही येते."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

"कळतं. अख्ख्या महाराष्ट्राला कळतं."

"आणि तुम्ही लोक जाता कधी?"

"कधीच नाही."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी सरळ एक करार मांडला. जर्मन माणसाला कराराशिवाय झोप लागत नाही. निघायचं असेल तेव्हा मी मराठीत 'येते' म्हणायचं, त्याचा अर्थ त्या 'निघाली' असा घेतील. जर्मनमध्ये 'इश कोमं' म्हटलं तर मात्र यायचं. "जर्मनमध्ये म्हटलंत तर मी वाट बघेन," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडून 'येते' हा शब्द तीनदा वदवून घेतला आणि घरात जाऊन कॅलेंडरच्या कडेला जर्मन अक्षरांत लिहून ठेवला. त्या पुढं बरीच वर्षं त्याचा उच्चार "येटे" असा करायच्या. मी कितीदा सुधारला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग गुरुवार लागूनच गेला. नवरा त्सुफेनहाउझेनला कारखान्यात, गिअरबॉक्सच्या एका पुरवठादाराकडे, मुलगी शाळेत, आणि मी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करून चारला ओमांकडे हजर. दोघींचा विषय एकच, पाणी. दोन सुना एकत्र आल्या की सासवांवर बोलतात तसं आम्ही आपापल्या नद्यांवर बोलायचो.

त्यांच्याकडे गोष्टींचा नुसता साठा होता. चक्कीवाल्यानं एका पुरात गाय जिना चढवून माडीवर नेली, आणि पाणी उतरल्यावर गाय काही केल्या जिना उतरेना. आठवडाभर ती माडीच्या खिडकीतून गावाकडे बघत होती. एकाचं सफरचंदाच्या दारूचं पिंप वाहून चाललं म्हणून तो त्याच्यामागं पाण्यात गेला. पिंप दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात सुखरूप सापडलं, त्याला मात्र शोधावं लागलं. "गावानं ते पिंप त्याच्या दफनाच्या दिवशी संपवलं," ओमा म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"

मग माझी पाळी. गुऱ्हाळातली गूळ करायची काहील, ती केवढाली लोखंडी कढई, पुरात तिचीच आमच्याकडे होडी व्हायची. मी चौथीत असताना अशा काहिलीत बसून मावशीच्या घरी गेलेय, मांडीवर कोंबडी धरून. ओमांना ही कढई फार आवडली. दर महिन्याला विचारायच्या, "आणि ती कोंबडी काय करत होती?" मी सांगायचे, "काय करणार, बघत होती."

त्या लहान होत्या तेव्हा त्यांना पाण्यातल्या एका माणसाची भीती घालायचे. तो तळाशी आकडा घेऊन बसतो आणि काठावर आलेल्या पोरांना ओढतो. मी म्हटलं, आमच्या डोहात सात आसरा असतात, सातही बहिणी. ओमांनी भुवया उंचावल्या. "सात? आमचा बिचारा एकटाच."

"आमची नदी मोठी आहे," मी म्हटलं.

"ते बरोबर," त्या म्हणाल्या, आणि केकचा दुसरा तुकडा वाढला.

त्यांच्या बहिणीची गोष्ट मात्र त्यांनी चौथ्या की पाचव्या वर्षी सांगितली. तीही सरळ नाही. मी कॉफीचे कप विसळत होते आणि त्या माझ्या पाठीशी बोलल्या. ओमा सात वर्षांच्या, बहीण सतरा-अठराची. नदीपलीकडच्या कुरणावर लिननच्या चादरी उन्हात पांढऱ्या व्हायला पसरलेल्या. वर डोंगरात बर्फ वितळत होतं आणि पाणी चढायला लागलं. बहीण बंधाऱ्यावरच्या फळीवरून चादरी आणायला निघाली. धाकटीला चक्कीच्या दगडावर बसवलं आणि म्हणाली, इथंच बस, मी येते.

"मी बसले," ओमा म्हणाल्या. "अंधार पडला. आई न्यायला आली. मी उठेना. म्हटलं, ती येते म्हणालीय."

तिसऱ्या दिवशी ती खालच्या गावाच्या बंधाऱ्याला सापडली. चादरी नाही सापडल्या.

मी नळ बंद केला. मला त्या पहिल्या गुरुवारची आठवण झाली, आठपर्यंत गरम ठेवलेल्या कॉफीची, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला कप खाली ठेवायचं सुचेना. मी काहीतरी बोलायला गेले, पण ओमांनी हात हलवला. "करार केलाय ना आपण," त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

आणि तो करार मी मोडला. मुद्दाम नाही. मुद्दाम मोडला असता तर एवढं लागलं नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन दिवस पाऊस लागला. शनिवारी सकाळी मी खिडकी उघडली आणि नदीचा वास आला. पाणी चढायच्या आधी तिला मातीचा आणि कुजक्या पाल्याचा एक वास येतो, तो कृष्णेला येतो तसाच हिलाही येतो. मी नवऱ्याला म्हटलं, "हे पाणी चढणार."

"ॲपवर पिवळं आहे," तो म्हणाला. "लाल नाही."

"नदीला ॲप दाखव मग."

तासाभरात लाल झालं. मी डब्यातून नारळ काढला, एक नवा ब्लाउजपीस घेतला, हळदकुंकू घेतलं आणि पुलावर गेले. आमच्याकडे नदी चढली की बायका तिची ओटी भरतात. माहेरवाशिणीसारखं तिचं करायचं, म्हणजे ती शांतपणे परत जाते. पुलावर गावातल्या अग्निशमन पथकाचा एक माणूस उभा होता. आमचा खाटीकच तो, एरवी काउंटरमागं असतो, त्या दिवशी हेल्मेटमध्ये होता. त्यानं विचारलं काय टाकताय. मी म्हटलं, भेट आहे नदीला. तो म्हणाला, भेट खाली जाळीत अडकते आणि मग ती मलाच काढावी लागते. आणि त्यानं माझा नारळ काढून घेऊन गाडीत ठेवला. ब्लाउजपीससकट.

"मग तुम्ही बघा काय ते," मी त्याला मराठीत म्हटलं आणि तरातरा ओमांच्या घरी गेले.

ओमांची तयारी झालेली. कोट, टोपी, कागदपत्रांची बॅग. मी त्यांचे फोटोचे अल्बम माडीवर नेऊन ठेवले. तेवढ्यात तोच खाटीक दारात आला. म्हणाला, गल्ली रिकामी करतोय, पाच-दहा मिनिटांत व्हॅन येईल, तीत बसा, सगळ्यांना वरच्या शाळेच्या हॉलमध्ये नेतोय. ओमांनी मान हलवली. आणि माझा फोन वाजला. मुलगी. आमच्या तळघरात जमिनीतून पाणी वर यायला लागलंय आणि पपा एकटे खोकी उचलतायत, त्यांची पाठ जाणार. मी खाटकाशी जर्मनमध्ये बोलत होते, मुलगी कानात जर्मनमध्ये बोलत होती, डोक्यात सगळं जर्मनच चाललेलं. मी पर्स उचलली, ओमांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "इश कोमं."

मला म्हणायचं होतं, चला, निघते मी.

"गूट," ओमा म्हणाल्या.

तो गूट मी ऐकला. ऐकून पळाले.

तळघरातली खोकी वर आली, नवऱ्याची पाठ शाबूत राहिली, मुलगी पांघरुणं घेऊन आधीच हॉलवर गेली. आम्ही दोघं मागून पोचलो. शाळेच्या हॉलमध्ये अर्धं गाव, कुणाची कुत्री, कुणाचा पोपट, सूपची मोठी पातेली. मुलगी धावत आली.

"ओमा इस्ट निश्ट डा," ती म्हणाली. ओमा इथं नाहीत.

मी म्हटलं, असतील, नीट बघ. तिनं बघितलं होतं. बाथरूममध्येसुद्धा. मी खाटकाला गाठलं. तो सूप पीत होता.

"व्हॅन गेली होती त्यांच्याकडे," तो म्हणाला. "नाही म्हणाल्या. शेजारीण न्यायला येतेय म्हणाल्या. पुढं आणखी तीन घरं होती, आम्हाला वाटलं तुम्ही..." आणि तो माझ्याकडे बघत थांबला.

मी तिथल्या जिमच्या बाकावर बसले. गल्लीच्या तळाशी आता कमरेएवढं पाणी होतं, वीज गेलेली, ओमांकडे मोबाइल नाही, घरचा फोन लागत नव्हता. आणि मला नक्की माहीत होतं की त्या माडीवर गेलेल्या नसणार. मी आल्यावर मला थांबावं लागू नये म्हणून त्या खाली दारापाशीच बसलेल्या असणार, कोट घालून, बॅग मांडीवर. ऐंशी वर्षांपूर्वी दगडावर बसल्या होत्या तशा. आणि या वेळी त्यांना बसवणारी मी होते. एका शब्दानं. ज्या शब्दावर वाट बघेन, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

पथकाची होडी नदीपलीकडे अडकलेली. मी खाटकाला म्हटलं, मी खाली जाते. तो म्हणाला, नाही, नियमात नाही. मी म्हटलं, होडी येईल तेव्हा येईल, पण तुमच्यासाठी त्या उठणार नाहीत, त्यांच्या आईसाठीसुद्धा उठल्या नव्हत्या. तो म्हणाला, नियम. मग मी त्याला मराठीत जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. मुलगी लाल झाली, म्हणजे तिला सगळं मराठी येतं हे त्या दिवशी सिद्ध झालं. नवरा, जो आयुष्यात कधी आवाज चढवत नाही, त्यानं माझी पर्स काढून घेतली आणि म्हणाला, "ट्रॅक्टर."

हॉलच्या दारात एक उंच ट्रॅक्टर उभा होता. आम्ही ज्याच्याकडून बटाटे घेतो तो शेतकरी त्यावर बसलेला. तो शांतपणे सगळं ऐकत होता. त्यानं खाटकाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. चाकावरच्या बैठकीवरचा टॉवेल उचलला आणि म्हणाला, "बसा."

खाटकानं तोंड दुसरीकडे फिरवलं. मग धावत येऊन स्वतःचं लाइफजॅकेट माझ्या अंगावर टाकलं आणि मागच्या पायरीवर चढला.

गल्ली उतरताना मी देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला बोलू. मी नदीलाच म्हणत होते, बाई गं, माझी ओटी त्या खाटकाच्या गाडीत आहे, मी भरणार होते, तू बघितलंयस. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आलं. कुणाच्या तरी बागेतली खुर्ची आमच्याबरोबर चालली होती. ओमांचं दार उघडं होतं.

आत जिन्याच्या पायऱ्यांवर ओमा बसल्या होत्या. कोट, टोपी, बॅग मांडीवर. आधी दाराजवळ खुर्चीत बसल्या होत्या म्हणे. पाणी आलं तेव्हा पहिल्या पायरीवर गेल्या. पाण्यानं एक पायरी घेतली की त्या एक पायरी वर. आता सहाव्या पायरीवर होत्या आणि पाणी चौथीवर. बूट तेवढे काढून शेजारी ठेवलेले.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. रडता रडता त्यांना ओरडायला लागले, सगळं मराठीत. की अक्कल आहे का, एवढं वय झालं, कुणी न्यायला आलं तर जायचं, माझ्या तोंडाला काय लागतंय, मी बडबडी बाई, माझ्या शब्दावर काय बसून राहता. एक अक्षर त्यांना कळलं नसेल. माझा दम संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि बूट हातात घेतले.

"तुम्ही जर्मनमध्ये म्हणालात," त्या म्हणाल्या.

खाटकानं त्यांना उचललं. ट्रॅक्टरवर त्या माझ्या मांडीवर बसल्या, दुसरी जागाच नव्हती. अर्ध्या गल्लीत आल्यावर त्यांनी मागं वळून विचारलं, "आता कोंबडी कोण?"

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. नारळ खाटकानं सोमवारी दुकानात परत दिला, ब्लाउजपीस धुऊन इस्त्री केलेला. मी त्या नारळाच्या वड्या करून पथकाला पाठवल्या. त्याला शिव्यांची माफी मागितली तर म्हणाला, मला काही कळलंच नाही, पण आवाजावरून बरोबर होत्या.

ओमांचं घर मात्र राहण्यासारखं उरलं नाही. भिंती फोडून वाळवायची यंत्रं लावली, ती महिनाभर घोंघावत होती. त्या आमच्याकडे राहिल्या आणि मग बाड हॉम्बुर्गहून त्यांचा भाचा न्यायला आला. तिथं त्यांच्यासाठी एक खोली बघितलेली, लिफ्ट असलेली, नदी नसलेली. भाचा चांगला माणूस. पण "काही दिवसच गं आत्या" हे तो ज्या आवाजात म्हणत होता, तो आवाज मी ओळखते, आमच्याकडेही म्हाताऱ्यांना तसंच नेतात.

गाडीची काच खाली करून ओमा म्हणाल्या, "इश कोमं."

भाचा हसला. मी नाही हसले.

त्या दिवसापासून गुरुवारी चारला मी घराबाहेर पडले नाही. केक करायचे, कॉफी ठेवायची. दुकानातल्या बाईंना सांगितलं, गुरुवारी दुपारी मला काही लावू नका. अख्खा हिवाळा गेला. नवरा केक खाऊन खाऊन दोन किलो वाढला. एकदा म्हणाला, "अगं, त्या काय आता..." मी म्हटलं, "जर्मनमध्ये म्हणाल्यात," आणि त्यानं पुढचा तुकडा घेतला.

वसंतात एका गुरुवारी बेल वाजली. घड्याळात चार.

काठी आली होती हातात, बाकी त्याच. भाच्यानं सांगितलं, घराचा सौदा झाला, किल्ल्या द्यायला आलोय. घेणाऱ्यांना सगळं सांगितलंय म्हणाला, पाण्याचंसुद्धा. ओमा आधी चक्कीच्या भिंतीपाशी गेल्या. तिथं नवी रेघ कोरली होती. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवून मोजलं आणि म्हणाल्या, "खोटी आहे. दोन बोटं वर हवी. मी तिथं होते." मग आमच्याकडे येऊन बसल्या, केकमध्ये साखर जास्त झालीय म्हणाल्या आणि दोन तुकडे खाल्ले. कोंबडीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. साडेपाचला उठल्या.

मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. भाच्यानं दार लावलं, काच खाली केली. मी काचेवर हात ठेवून उभी राहिले. त्या कुठल्या भाषेत बोलतात, तेवढंच मला ऐकायचं होतं.

"येते," ओमा म्हणाल्या. येटे नाही. स्वच्छ, येते.

"काय म्हणाली ती?" भाच्यानं विचारलं.

करार दोघींना पाठ होता. पण आपल्याकडे कुणी येते म्हटलं की दारातल्या माणसानं काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं, आणि ते मी त्यांना इतक्या वर्षांत कधी शिकवलंच नव्हतं.

"या," मी म्हटलं.